विरोधी बाकांवरचा शिक्षणमंत्री

केंद्रात शिक्षणमंत्री कोण, असा प्रश्न जळगावच्या एखाद्या शाळेच्या शिक्षकदालनात विचारला तर उत्तर लगेच मिळेल. राज्याच्या शिक्षणमंत्र्यांचे नाव धुळ्याच्या कोणत्याही कचेरीत ठाऊक असते. त्यांनी कोणती घोषणा केली आणि तिचा शासननिर्णय अद्याप का निघाला नाही, हेही तेथील मंडळी सांगू शकतील. पण लोकसभेत विरोधी पक्षाच्या वतीने शिक्षणाचे खाते कोण पाहतो, असे विचारले की शांतता पसरेल. या शांततेबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. जे पद अस्तित्वातच नाही, त्या पदावरील व्यक्तीचे नाव कोणी सांगावे?

प्रवक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्येक पक्षाचे प्रवक्ते रोज सायंकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शिक्षणापासून संरक्षणापर्यंत सर्व विषयांवर सारख्याच आवेशाने बोलतात. लोकसभेत सकाळी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, तेव्हा मात्र त्याच पक्षाच्या बाकांवर निराळे चित्र असते. शिक्षणाचा विषय ज्याने वर्षानुवर्षे हाताळला आहे, मागील अधिवेशनात मंत्र्यांनी दिलेले आश्वासन ज्याच्या वहीत तारखेनिशी नोंदलेले आहे, असा सदस्य तेथे शोधावा लागतो. शिक्षणावर सर्वच बोलतात. त्यामुळे शिक्षणाबद्दल जाब विचारण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. ही केवळ संसदीय शिष्टाचारातील उणीव नव्हे. तिची किंमत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील मुलाला आणि धुळ्यातील महाविद्यालयाच्या शुल्काच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

नेत्याला मान्यता, विषयाला नाही

ब्रिटनमध्ये प्रमुख विरोधी पक्षाचे 'छाया मंत्रिमंडळ' असते. शिक्षणमंत्री उभा राहिला की त्याच्या समोरच्या पहिल्या बाकावर त्याचा छाया-मंत्री बसलेला असतो. सत्तांतर झाल्यास हेच खाते बहुधा आपल्या गळ्यात पडणार, हे तो जाणून असतो. त्यामुळे त्याच्या टीकेला धार असते, तशी मर्यादाही असते; उद्या जे आपल्याला करता येणार नाही, ते आज मागताना तो दोनदा विचार करतो. आपण त्या पद्धतीतून बरेच काही उचलले, परंतु नेमका हा भाग तेथेच राहिला.

१९७७ साली विरोधी पक्षनेत्याचे वेतन व सोयी ठरविणारा कायदा संसदेने केला, तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेतेपदी यशवंतराव चव्हाण होते. त्या कायद्याने नेत्याला प्रतिष्ठा मिळाली. त्याच्या मागच्या फळीबद्दल मात्र कायदा काही बोलत नाही आणि पक्षांनीही आपण होऊन काही केले नाही. बरे, नेतेपद तरी नित्य भरलेले असते असेही नाही. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी एक-दशांश, म्हणजे २९ जागा, एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने खातेनिहाय छाया मंत्रिमंडळ जाहीर केले. कल्पना स्तुत्य होती. पण विधानसभेत त्या पक्षाचा एकच सदस्य असल्याने ही नजर सभागृहाबाहेरूनच ठेवावी लागणार होती. बाहेरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून असते. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावेच लागते, आणि ते उत्तर छापले जाते.

गोखल्यांचा वस्तुपाठ

हे काम कसे करावयाचे असते, याचा वस्तुपाठ मात्र आपल्याच घरात आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसत, तेव्हा त्या सभागृहात सरकारी सदस्यांचे बहुमत होते. मतदानात आपण हरणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही मार्च १९१० मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थान सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते स्थापन झाले. दुसरा एखादा एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसला असता. गोखले १६ मार्च १९११ रोजी विधेयक घेऊन पुन्हा उभे राहिले.

ते विधेयक आजच्या वक्त्यांनी अभ्यासावे असे आहे. त्यात 'सर्वांना शिक्षण द्या' अशी ढोबळ मागणी नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच सक्ती लागू करावयाची. आरंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. दहा रुपयांहून कमी मासिक प्राप्तीच्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेने व दोन वाटे सरकारने उचलावयाचे. 'पैसा कोठून आणणार?' हा सरकारचा ठरलेला प्रश्न येण्यापूर्वीच उत्तर तयार होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते, हा दाखलाही हाताशी होता. विधेयक वर्षभर प्रांतोप्रांती अभिप्रायांसाठी फिरले आणि १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

गोखले १९१५ साली गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट सांगितले. ती मुदत उलटून चार दशके गेल्यावर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. १९१२ चा पराभव या साखळीतील पहिल्या कड्यांपैकी आहे. नेमकी मागणी, तिच्या खर्चाचा हिशेब, आश्वासनाचा पाठपुरावा आणि पराभवानंतरही विषय न सोडणे, या चार गोष्टींत विरोधी पक्षाच्या शिक्षण-प्रवक्त्याचे सारे कर्तव्य आले. पुढच्या काळातही प्रा. मधु दंडवते लोकसभेत आणि प्रा. ग. प्र. प्रधान विधान परिषदेत विरोधी बाकांवर बसले, तेव्हा वर्गातली शिस्त सभागृहात नेता येते हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

समवर्ती सूचीचा आडोसा

गोखल्यांपुढे सरकार एकच होते. आजच्या सदस्यापुढे दोन आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आले. हेतू असा सांगितला गेला की केंद्र व राज्य दोघांनीही भार वाहावा. प्रत्यक्षात दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय झाली. शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असून बहुसंख्य शाळा राज्य सरकारांच्या अखत्यारीत आहेत, या अर्थाचे वाक्य संसदेतील उत्तरांच्या प्रारंभी इतक्या वेळा येते की ते छापून ठेवले असावे असे वाटते. इकडे राज्यात विचारावे तर केंद्राचा हिस्सा आला नाही असे सांगितले जाते. शिक्षकाचे वेतन, पोषण आहार, शिष्यवृत्ती, वर्गखोल्या, सारे या दोन उत्तरांच्या मध्ये लोंबकळत राहते.

अभ्यासू प्रवक्त्याची गरज येथेच भासते. 'सरकारचे शिक्षणाकडे दुर्लक्ष होत आहे काय?' असा प्रश्न विचारला की समवर्ती सूचीचे उत्तर ठरलेलेच. प्रश्न निराळा विचारावा लागतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात साठ-चाळीस असा वाटून दिला. पुढे केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. राज्याने आपला हिस्सा दिल्याखेरीज केंद्राचा निघत नाही. महाविद्यालय मात्र परीक्षेचा अर्ज भरण्याच्या वेळी पूर्ण शुल्क मागते. आता प्रश्न असा हवा: अमुक वर्षी महाराष्ट्राने आपला चाळीस टक्के हिस्सा कोणत्या तारखेस दिला, केंद्राने साठ टक्के कोणत्या तारखेस सोडले, आणि या दोन तारखांमधील काळात किती विद्यार्थ्यांची रक्कम प्रलंबित होती? तारीख विचारली की समवर्ती सूचीचा आडोसा उरत नाही.

शिवाय हा प्रश्न शिक्षण मंत्रालयाला विचारून भागत नाही. ही शिष्यवृत्ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, एकलव्य निवासी शाळा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे, अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाकडे. एकाच घरातील तीन भावंडांचे शिक्षण दिल्लीत तीन इमारतींत विभागलेले असते. मंत्री आपापले खाते सांभाळतात. मुलाचे शिक्षण सलगपणे पाहणारा कोणी असेल तर तो विरोधी बाकांवरचाच असावा लागेल.

आयुधे आहेत, हात हवेत

संसदेने सदस्याच्या हाती दिलेली साधने कमी नाहीत. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांना तोंडी उत्तर मिळते व पुरवणी प्रश्न विचारता येतात. कोणाचा प्रश्न वर येणार हे सोडतीवर ठरते. म्हणून शहाणा प्रवक्ता आपल्या दहा सहकाऱ्यांकडून एकाच विषयाच्या सूचना देववितो आणि ज्याचे नाव निघेल त्याच्या हाती पुरवणी प्रश्नांचे टिपण ठेवतो. मंत्र्यांनी 'माहिती गोळा करून सांगू' असे म्हटले की ते आश्वासन ठरते आणि तीन महिन्यांत ते पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र समिती आहे. अंदाजपत्रकाच्या वेळी कपात सूचना देता येते. मात्र बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकत्रित मंजूर होतात आणि शिक्षणाची पाळी वर्षानुवर्षे येत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत असे सुचविले होते. तो आकडा प्रत्येक धोरणात उद्धृत होतो, पण मतास कधी टाकला जात नाही.

१९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आल्या, ही जमेची बाजू. सप्टेंबर २०२४ मध्ये शिक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्षपद काँग्रेसचे दिग्विजय सिंह यांच्याकडे, म्हणजे विरोधी सदस्याकडे, आले. एका योजनेच्या करारावर सह्या न केलेल्या राज्यांचा समग्र शिक्षा योजनेतील निधी अडकून पडल्याबद्दल या समितीने २०२५ मध्ये सरकारला विचारणा केली. सर्वपक्षीय समितीने असा प्रश्न करणे हे महत्त्वाचे आहे. पण समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. ती सभागृहात लावून धरणारा सदस्य नसेल तर अहवाल कपाटात जातो.

सरकार आणि विरोधक या दोघांच्याही हेळसांडीचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केले. तेव्हा संसदेचे अधिवेशन चालू नव्हते. सप्टेंबरात अधिवेशन भरले, ते महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तराच्या तासाविना. देशाच्या पुढील पिढीचा अभ्यासक्रम ठरविणाऱ्या धोरणावर पहिल्याच अधिवेशनात एकही तोंडी प्रश्न विचारता आला नाही. याला सरकार जबाबदार होते, हे निःसंशय. पण पुढे तास पूर्ववत सुरू झाल्यावर तो किती वेळा गोंधळात वाहून गेला, याचा हिशेब विरोधकांनाही द्यावा लागेल. सभात्यागाचे छायाचित्र वृत्तपत्रात येते, पुरवणी प्रश्नाचे येत नाही, हे खरे. पण शिक्षकाच्या रिकाम्या जागा छायाचित्राने भरत नाहीत.

शिरपूर आणि चोपडा

आता खानदेशकडे वळू. या भूमीला विरोधी बाक नवे नाहीत. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पूर्व खानदेशाने मुंबईच्या नौशेर भरुचांना आणि धुळ्याने जनसंघाच्या उत्तमराव पाटलांना लोकसभेत पाठविले होते. २०२४ मध्ये धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव आणि नंदुरबारमधून गोवाल पाडवी हे काँग्रेसचे, तर जळगावातून स्मिता वाघ आणि रावेरमधून रक्षा खडसे या भारतीय जनता पक्षाच्या उमेदवार निवडून आल्या. श्रीमती खडसे यांचा जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री म्हणून समावेशही झाला.

याचा अर्थ नकाशावर पाहावा. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुका नंदुरबार लोकसभा मतदारसंघात येतो. त्याला लागून असलेला जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका रावेर मतदारसंघात. दोन्हीकडे तोच सातपुडा, तेच पावरा व भिल्ल समाजाचे पाडे, तीच आश्रमशाळा आणि तीच एकशिक्षकी शाळा. पण संसदीय प्रथेप्रमाणे मंत्री प्रश्न विचारीत नाही आणि सत्तारूढ सदस्य विचारतो तो बहुधा मंत्र्याला अवघड न वाटणारा असतो. हा टीकेचा विषय नाही. पद्धतीच तशी आहे. म्हणून चोपड्याच्या मुलाचा प्रश्नही अखेरीस विरोधी पक्षाच्या शिक्षण-प्रवक्त्यानेच विचारावयाचा आहे. त्याचा मतदारसंघ हा त्याच्या विषयाएवढा मोठा असतो.

आणि प्रश्न खरोखरच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे सुचविले. त्यासाठी पानशेतबरोबर दिलेला दाखला होता तोरणमाळचा. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. एका ठिकाणी मोठी इमारत, पुरेसे शिक्षक, वसतिगृह, ही कल्पना सर्वस्वी वाईट म्हणता येणार नाही. पण शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे, आणि सातपुड्यातील एक किलोमीटर धुळ्याच्या आग्रा रोडवरील एक किलोमीटर नव्हे. पावसाळ्यात मध्ये नाला येतो. सहा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात पाठविण्यास आई तयार होत नाही, आणि ती मुलगी शाळाबाह्य होते. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या वर्गांवरील शिक्षकपदे धोक्यात आल्याचे शिक्षक संघटनांनी सांगितले, त्याचा फटका याच शाळांना बसतो. हा कायदा संसदेने केला आहे. तेव्हा त्यातील अंतराची अट देशातील किती शाळांच्या एकत्रीकरणात मोडली गेली, हे विचारण्याचा अधिकार संसदेचा आहे. येथे समवर्ती सूची आड येऊ शकत नाही.

भाषेचेही तसेच. घरी पावरी, भिलोरी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्या वर्गात त्याची भाषा जाणणारा शिक्षक आहे का? एकलव्य शाळांची शिक्षकभरती केंद्राने आपल्या हाती घेतली आहे. मग स्थानिक भाषेचे ज्ञान त्या भरतीत किती गुणांचे धरले जाते, हा प्रश्न दिल्लीतच विचारावा लागेल.

आपले काम

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की शिक्षणात राजकारण आणू नये. शिक्षणात राजकारण आहेच. शाळा कोणाला द्यावयाची, अनुदान कोणाचे थांबवावयाचे, हे सारे निर्णय राजकीयच असतात. ते सभागृहाच्या उजेडात व्हावेत एवढेच येथे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विरोधी सदस्याला माहिती कोण देणार? मंत्र्यामागे सचिवालय असते. सदस्यामागे एक स्वीय सहायक असतो, आणि त्याचा बहुतेक वेळ शिफारसपत्रे लिहिण्यात जातो.

या ठिकाणी वाचकांचा संबंध येतो. शाळेचा पट, रिक्त पदे, गळालेली मुले, रखडलेली शिष्यवृत्ती यांची खरी माहिती मंत्रालयात नसते. ती मुख्याध्यापकाच्या हजेरीपटात, लेखनिकाच्या नोंदवहीत आणि विद्यार्थ्याच्या बँकेच्या पासबुकात असते. सरकारी सेवकाला आचारनियमांची मर्यादा आहे आणि ती त्याने पाळावी. पण शिक्षक व शिक्षकेतर संघटना आहेत, विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, २००५ चा माहिती अधिकार आहे. विधान परिषदेत नाशिक विभागाचे शिक्षक व पदवीधर मतदारसंघ आहेत. त्यांत जळगाव, धुळे व नंदुरबारचे मतदार मोडतात. खासदाराच्या कार्यालयात बदलीचे निवेदन घेऊन जाणारे शेकडो असतात. एका तालुक्यातील रिक्त पदांचा तारीखवार तक्ता घेऊन जाणारे दहा निघाले, तरी पुढच्या अधिवेशनातील प्रश्नाचे स्वरूप बदलेल. आणि निवडणुकीच्या सभेत उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारावा: आपला पक्ष विरोधात बसला तर शिक्षणाची जबाबदारी त्यातील कोणावर राहील? त्याचे नाव सांगा.

खानदेशातील विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते, तिचे नाव आज पदवीपत्रावर छापले जाते, हा खानदेशचा गौरव आहे; पण तिला शाळा मिळाली नव्हती, हेही त्या नावात नोंदलेले आहे. गोखल्यांनी पहिला ठराव मांडला तेव्हा बहिणाबाई संसार करीत होत्या. तो ठराव मूलभूत हक्काच्या रूपाने घटनेत उतरावयास ब्याण्णव वर्षे लागली. ज्या विषयाला विरोधी बाकांवर वाली नसतो, त्याच्या वाट्याला असेच विलंब येतात. सातपुड्याच्या पाड्यावरील मुलीला ब्याण्णव वर्षे थांबता येणार नाही. तिच्या शाळेचा प्रश्न येत्या अधिवेशनाचा आहे.